मेडिकलला न गेलेली डॉक्टर

दोस्तांनो, बारावी सायन्सला असताना घरात ताटावर बसलं की कोणता विषय निघतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. नीटचा स्कोर किती येईल, क्लास नागपूरला लावायचा की चंद्रपुरातच भागवायचं, एमबीबीएस नाही मिळालं तर बीएएमएस चालेल का. आणि अशा वेळी तुम्ही हळूच म्हणालात, की मला बायॉलॉजी आवडते पण डॉक्टर नाही व्हायचं, तर सगळे तुमच्याकडे असे बघतात जणू तुम्ही वरणात चहापत्ती टाकली.

हेच पुण्यातल्या एका मुलीने केलं, तेही १९३०च्या दशकात. तिचं नाव कमल समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलींनी शिकावं असं मनापासून मानणारे बाबा होते. त्यामुळे कमल हुजूरपागेत शिकली, अभ्यासात हुशार निघाली आणि बाबांनी मनात चित्र पक्कं केलं : मुलगी मेडिकलला जाईल, डॉक्टर होईल आणि डॉक्टरशीच लग्न करेल. त्या काळात एका बापाने मुलीसाठी असं स्वप्न बघणं हीसुद्धा लहान गोष्ट नव्हती. पण कमलने फर्ग्युसनला वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. लग्नही डॉक्टरशी केलं नाही. १३ मे १९३९ला तिचं लग्न झालं ते जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी.

म्हणजे बाबांच्या यादीतल्या दोन्ही गोष्टी हुकल्या. पण पुढे देशातल्या कॅन्सर संशोधनात जी नावं पहिल्यांदा घेतली जातात, त्यात डॉ. कमल रणदिवे हे नाव आलं. हे डॉक्टर पीएचडीचं होतं, स्टेथोस्कोपवालं नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, पुण्या-मुंबईच्या या बाईंचं आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीशी काय नातं? नातं आहे, आणि ते एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी आहे. वरोऱ्याचं आनंदवन, मे महिन्यातला तेंदूपत्ता आणि आपल्याच घरातला कुणाचा तरी खोकला. वाचत राहा.

सीताफळापासून सुरुवात

कमलताईंची एमएस्सी झाली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून, १९४३ साली. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींतली गुणसूत्रं. हो, तेच सीताफळ जे दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे टोपल्या भरभरून विकायला येतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ठेवायची, गुणसूत्रं मोजायची, त्यांचे आकार बघायचे. ऐकायला कंटाळवाणं वाटतं. पण एक सवय इथे लागली. कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर आधी पेशीच्या आत काय चाललंय ते बघायचं.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. परळचं टाटा मेमोरिअल हॉस्पिटल १९४१ला सुरू झालं होतं आणि तिथे एक जबरदस्त माणूस होता, डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतात पॅथॉलॉजी हा विषय ज्यांनी उभा केला असं मानतात, ते हेच. कमलताईंनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करायचं ठरवलं. झाडांची पेशी सोडून आता उंदरांची पेशी.

त्यांनी उंदरांच्या चार जाती घेतल्या. यातल्या काही जातींच्या माद्यांना स्तनाचा कॅन्सर सर्रास व्हायचा आणि काहींना जवळजवळ व्हायचाच नाही. एकच प्रयोगशाळा, सारखं खाणं, सारखे पिंजरे. मग फरक कशात? आपल्या भागातल्या धानाचं उदाहरण घ्या. एकाच पऱ्ह्यातलं रोप दोन बांध्यांत लावलं, पाऊस सारखा पडला, तरी एका बांधीत रोग येतो आणि दुसरीत येत नाही. शेतकरी काय करतो? तो फक्त पाऊस बघत नाही, मातीही बघतो. कमलताईंनी तेच केलं. चारही जातींच्या स्तनग्रंथींची रचना शेजारी शेजारी ठेवून तपासली. आनुवंशिकता, किती वेळा पिल्लं झाली, ऊतींची ठेवण कशी, या सगळ्याचा आजाराशी संबंध दिसू लागला. १९४९मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएचडी दिली.

यात एक मजेशीर धागा आहे. अमेरिकेत जॉन बिटनर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६मध्ये दाखवलं होतं, की उंदरांमधला हा कॅन्सर आईच्या दुधातून पिल्लांकडे जातो. कॅन्सर होणाऱ्या जातीची पिल्लं जन्मल्या जन्मल्या दुसऱ्या जातीच्या आईकडे दूध प्यायला ठेवली, तर त्यांच्यात कॅन्सर खूप कमी होतो. पुढे कळलं की दुधात एक विषाणू असतो. पण विषाणू मिळाला म्हणजे कॅन्सर झालाच असंही नाही. शरीरातली संप्रेरकं, म्हणजे हॉर्मोन्स, आणि वारशाने आलेले जीन्सही त्यात हात घालतात. विषाणू, हॉर्मोन आणि आनुवंशिकता यांचा असा एकत्र विचार भारतात फार लवकर करणाऱ्यांत कमलताई होत्या. आज तुम्हाला आम्हाला हे पुस्तकात छापील मिळतं. तेव्हा पेशीच्या आत डोकावायची साधनंही तोकडी होती. डीएनएची दुहेरी गोफासारखी रचनासुद्धा उलगडली ती १९५३ला, म्हणजे कमलताईंच्या पीएचडीनंतर चार वर्षांनी.

बाल्टिमोरची विद्या

पीएचडी झाली की लगेच नोकरीला चिकटावं, असा विचार त्यांनी केला नाही. फेलोशिप मिळवली आणि अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे शिकायला गेल्या. विषय होता टिश्यू कल्चर, म्हणजे शरीरातली पेशी बाहेर काचेच्या नळीत जिवंत ठेवणं आणि वाढवणं. गे यांनी यासाठी हळूहळू फिरणारा पिंपासारखा एक ड्रम बनवला होता. नळ्या त्यात फिरत राहायच्या आणि पेशींना आळीपाळीने अन्न आणि हवा मिळायची. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतून १९५१ला घेतलेल्या पेशी वाढत राहिल्या, त्या याच प्रयोगशाळेत. हेला नावाने त्या पेशी आजही जगभर जिवंत आहेत. लॅक्सबाईंना याबद्दल कुणी विचारलं नव्हतं, परवानगी घेतली नव्हती. विज्ञानाच्या इतिहासातली ही बाजूही माहीत असलेली बरी.

कमलताई मात्र ही विद्या घेऊन परत आल्या. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण परत न येण्याची सगळी कारणं तेव्हाही होती. १९५२मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. तिथे त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. देशातली या प्रकारची पहिली म्हणून ती ओळखली जाते.

आता प्रयोगशाळा उभी केली हे लिहायला दोन शब्द लागतात. प्रत्यक्षात काय लागतं? पेशींना जगायला माध्यम लागतं, म्हणजे क्षार, साखर, अमिनो आम्लं, रक्तद्रव असं सगळं बरोबर मापात घातलेलं पाणी. ते विकतचं बाहेरून मागवायचं तर पैसा आणि वेळ दोन्ही जातात, आणि परकीय चलनाची त्या काळात बोंब होती. म्हणून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कमलताईंनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन ही माध्यमं आणि रसायनं इथेच बनवायला घेतली. संस्थेत कॅन्सर कसा सुरू होतो, पेशी कशी वागते आणि शरीराची प्रतिकारशक्ती काय करते, या तीन विषयांचे वेगळे विभाग त्यांनी उभे केले. परदेशात शिकून तिथेच थांबलेल्या तरुणांना परत बोलावून कामाला लावलं. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. आपल्या कॉलेजात प्रॅक्टिकलला केमिकल नाही म्हणून आपण किती पटकन जर्नल कॉपी करून मोकळे होतो, हे आठवून मला तरी थोडं अवघडल्यासारखं झालं.

जो जंतू वाढायलाच तयार नव्हता

आता आनंदवनाकडे येऊ.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ला शोधला. माणसाला होणाऱ्या आजाराचं कारण म्हणून सापडलेल्या अगदी सुरुवातीच्या जंतूंपैकी तो एक. पण गंमत बघा, हा जंतू आजपर्यंत कुठल्याही कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही. आणि जंतू वाढवता आला नाही की त्याच्यावर औषध तपासणं आणि लस बनवणं फार अवघड जातं. वरोऱ्याला बाबा आमटे कुष्ठरुग्णांसाठी काम करत होते, ते कलकत्त्याला या आजाराचं शिक्षण घ्यायला गेले होते. तिथे माणसाच्या शरीरात हा जंतू वाढतो का हे बघण्यासाठी त्यांनी स्वतःचं शरीर देऊ केलं आणि जंतू टोचून घेतले. जंतू तरीही वाढला नाही. आपण आनंदवनाची सहल काढतो, फोटो काढतो, पण या अडचणीमुळे जगभरचे शास्त्रज्ञ किती जेरीस आले होते याची कल्पना आपल्याला नसते.

कमलताई, सी. व्ही. बापट आणि खानोलकर यांनी वेगळा रस्ता धरला. कृत्रिम माध्यमात नाही वाढत ना, मग जिवंत पेशींत वाढवून बघू. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंत राहतो, म्हणून त्यांनी मानवी मज्जापेशींचं कल्चर घेतलं आणि त्यात रुग्णाच्या गाठीतले जंतू सोडले. १९५८मध्ये त्यांनी असा एक जंतू वाढवून दाखवला. संस्थेच्या नावावरून त्याला आयसीआरसी बॅसिलस म्हणतात. बाल्टिमोरला शिकलेली विद्या ही अशी, कॅन्सर सोडून भलत्याच आजाराच्या कामी आली.

पण थांबा, इथे गोष्टीला वळण आहे. पुढच्या तपासण्यांत दिसलं की हा जंतू हॅन्सनचा खरा कुष्ठरोगाचा जंतू नाही. तो त्याच्या नात्यातला, दुसऱ्या गटातला आहे. दुसरा कुणी असता तर प्रकरण तिथेच बंद झालं असतं. पण लस बनवायला कधी कधी नातेवाईकही पुरतो. देवीची लस आठवा, ती गायीच्या देवीपासून निघाली. दोन जंतूंचे चेहरे पुरेसे मिळतेजुळते असतील, तर एकाला ओळखायला शिकलेलं शरीर दुसऱ्यालाही अडवतं. याच संस्थेत डॉ. माधव देव आणि सहकाऱ्यांनी १९७९मध्ये हे जंतू गॅमा किरणांनी मारून त्यांची लस तयार केली.

ती चालली का? तामिळनाडूत चेंगलपट्टू भागात सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर चार लशींची तुलना झाली आणि निकाल १९९८मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या बीसीजीने ३४.१ टक्के संरक्षण मिळालं. आयसीआरसी लशीने ६५.५ टक्के. चौघींत सगळ्यात जास्त. बीसीजीत मारलेले खरे कुष्ठजंतू मिसळून केलेली लसही ६४ टक्क्यांवर पोचली होती, म्हणजे जवळजवळ बरोबरीत. निकाल आला तेव्हा कमलताई ऐंशीच्या होत्या. काचेच्या नळीतल्या त्या कल्चरला चाळीस वर्षं झाली होती.

खरं सांगायचं तर ही लस बीसीजीसारखी घरोघरी पोचली नाही. कुष्ठरोग कमी झाला तो मुख्यतः एकत्र दिल्या जाणाऱ्या औषधांच्या उपचाराने. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शोधमोहिमेत आजही नवे रुग्ण सापडतात. तरी मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लशीसाठी पूर्ण शत्रू हातात असावा लागत नाही, त्याची ओळखता येईल अशी खूण सापडली तरी चालते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तेंदूपत्त्याची दुसरी बाजू

मे महिन्यात आपल्याकडे कॉलेजला सुट्टी असते आणि जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे चारला उठून पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन द्यायचे. कुरखेडा, धानोरा, एटापल्ली, गोंडपिपरी, मूल, सिंदेवाही, कुठलंही नाव घ्या. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांची कॉलेजची फी याच पैशातून गेलेली आहे. त्यामुळे मी इथे बिडीवर भाषण देणार नाही. पण पान आपल्या गावातून गेल्यावर त्याचं काय होतं, हे कमलताईंच्या संस्थेने तपासलं आहे, ते सांगते.

खानोलकरांना लोकांच्या सवयी आणि कॅन्सर यांचं नातं शोधायचा नादच होता. काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी धरणाऱ्यांना पोटाच्या कातडीचा कॅन्सर, आंध्रात चुट्टा उलटा, म्हणजे जळतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूचा कॅन्सर, अशा नोंदी त्यांनी आणि त्यांच्या काळातल्या डॉक्टरांनी जमवल्या. तंबाखू खाणं, ओढणं आणि तोंड-घशाचा कॅन्सर यांवरचा त्यांचा सहकाऱ्यांसोबतचा अभ्यास १९५५मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पुढे १९७९मध्ये मुंबईतल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक अभ्यास छापून आला. त्यात बिडी ओढणाऱ्यांचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षाही जास्त दिसला. बिडी म्हणजे गावठी, पानाची, म्हणून कमी वाईट, असं आपल्याकडचे आजोबा सांगतात. ते चूक आहे.

याच संस्थेत डॉ. रजनी भिसे यांनी बिडी कामगारांवर काम केलं. बिडी न ओढणाऱ्या, फक्त वळणाऱ्या बायका त्यांनी बघितल्या. नुसती तंबाखू हाताळून आणि तिची धूळ श्वासात घेऊनही ती शरीरात पोचत होती, लघवीत तिच्या खुणा सापडत होत्या. तंबाखूच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या गुणसूत्रांत तुटफूट वाढलेली दिसली. सीताफळाच्या गुणसूत्रांपासून सुरू झालेली गोष्ट बघा कुठे आली.

खर्रा हा आपला खास विषय. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना. तो मुख्यतः तोंडाचा कॅन्सर देतो, फुप्फुसाचा नाही. पण फुप्फुसासाठी आपल्याकडे बाकी गोष्टींची कमी नाही. बिडी आहे, बंद स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर आहे आणि चंद्रपूरची हवा कशी आहे हे चंद्रपूरकरांना मी काय सांगणार. बाहेरची प्रदूषित हवा कॅन्सर देते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३मध्ये अधिकृतपणे जाहीर केलं.

निवृत्तीनंतरचं अकोले

कमलताईंनी कॅन्सर आणि कुष्ठरोगावर २००हून अधिक शोधनिबंध लिहिले. १९७३मध्ये त्यांनी ११ सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. या संघटनेने फक्त परिषदा भरवल्या नाहीत. वाशीला नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर चालवलं. प्रयोग रात्री आठपर्यंत चालला तर बाळाला कोण बघेल, हा प्रश्न शास्त्रज्ञ बाईलाच पडतो, हे त्यांना स्वतःच्या संसारातून ठाऊक होतं. त्यांनाही एक मुलगा होता. १९८२मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी २६ ऑगस्टला आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, एवढाच योगायोग.

निवृत्तीनंतर, १९८९मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या कमलताई नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी पाड्यांवर जाऊ लागल्या. सत्यनिकेतन या संस्थेबरोबर त्यांनी मुलांच्या कुपोषणाची माहिती गोळा केली आणि गावातल्या महिला मंडळांना आरोग्याबद्दल मार्गदर्शन केलं. त्याआधी संशोधनातही त्यांनी आदिवासी बालकांच्या रक्तावरचा एक प्रकल्प घेतला होता. उंदराच्या पिंजऱ्यापासून अकोल्याच्या पाड्यापर्यंत प्रश्न एकच होता. आजार कुणाला गाठतो आणि कुणाला सोडतो? पाड्यावर त्याचं उत्तर शोधायला सूक्ष्मदर्शक लागत नव्हता. वजनकाटा पुरत होता.

११ एप्रिल २००१ला त्या गेल्या. त्याच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी २००१मध्ये, माणसाच्या संपूर्ण जनुकसंचाचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला होता. २०२१मध्ये त्यांच्या १०४व्या जयंतीला गुगलने त्यांचं डूडल लावलं. आपल्यापैकी बहुतेकांना त्यांचं नाव तेव्हा कळलं, मलाही.

त्यांचा प्रश्न आज कुठे आहे

जनुकांचा तो मसुदा आल्यावर कमलताईंचा जुना प्रश्न नव्या रूपात विचारता येऊ लागला. तुमच्या प्रत्येक पेशीत सुमारे २० हजार जीन्स आहेत. डोळ्यातल्या पेशीतही तेच, फुप्फुसातल्या पेशीतही तेच. मग डोळा डोळा कसा आणि फुप्फुस फुप्फुस कसं? वसतिगृहात सगळ्या खोल्यांत वायरिंग सारखंच असतं, पण कुठल्या खोलीत कुठलं बटण चालू आहे ते वेगळं असतं, तसं हे. कुठला जीन चालू आहे आणि किती जोरात चालू आहे, याला जीन एक्स्प्रेशन म्हणतात. आता फुप्फुसाच्या गाठीचा तुकडा आणि शेजारचा निरोगी तुकडा घेऊन हजारो बटणं एकदम तपासता येतात. जी बटणं फक्त गाठीत चालू दिसतात, ती लशीसाठी कामाची. कारण पेशी आत जे प्रथिन बनवते, त्याचे तुकडे ती सतत आपल्या पृष्ठभागावर दाखवत असते आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी ते तपासत फिरतात. फक्त गाठीवर दिसणारी खूण त्यांना शिकवली, तर त्या गाठीवर चालून जातील आणि बाकी शरीराला हात लावणार नाहीत.

मेज-ए३ हा असाच एक जीन. निरोगी शरीरात तो जवळपास फक्त वृषणात चालू असतो, आणि फुप्फुसाच्या अनेक गाठींत मात्र अचानक चालू होतो. आदर्श खूण! ग्लॅक्सो स्मिथक्लाइनने त्यावर लस बनवली, ऑपरेशन झालेल्या २ हजारांहून जास्त रुग्णांवर तपासली आणि २०१४मध्ये निकाल आला, की उपयोग झाला नाही. गाठ खूण लपवते, प्रतिकारशक्तीला गुंगी देते, रंग बदलते. क्युबाने वेगळी वाट धरली. गाठीला वाढायला जो घटक लागतो, त्याच्याविरुद्धची लस २०११पासून ते आपल्या रुग्णांना फुकट देतात. त्याने काहींचं आयुष्य वाढतं, आजार बरा होत नाही. २०२४मध्ये ब्रिटनमध्ये एम-आरएनए तंत्राच्या एका लशीचा पहिला डोस फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णाला दिला गेला. त्यात एक नाही, सहा खुणा एकत्र आहेत. ती चाचणी पहिल्याच टप्प्यातली आहे. तेव्हा कॅन्सरवर लस आली असा व्हॉट्सॲप फॉरवर्ड आला तर एवढं लक्षात ठेवा.

लस दूर आहे, पण जीन बघण्याचा फायदा रुग्णाला आजच मिळतोय. टाटा मेमोरिअलमध्येच ९०७ रुग्णांच्या गाठी तपासल्या, त्याचा निकाल २०१३मध्ये आला. त्यातल्या २३ टक्क्यांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल सापडला. कधीच धूम्रपान न केलेल्यांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त होतं. असा बदल असेल तर त्या रुग्णाला गोळ्यांचा उपचार देता येतो. म्हणून घरात कुणाचा खोकला महिनोन् महिने थांबत नसेल, टीबीची तपासणी निगेटिव्ह आली असेल किंवा टीबीची औषधं घेऊनही फरक पडत नसेल, तर डॉक्टरांना पुढच्या तपासणीचं नक्की विचारा. आपल्याकडे फुप्फुसाचा कॅन्सर टीबी समजून महिने वाया जातात. आणि कॅन्सर निघालाच तर गाठीच्या जीनची तपासणी होईल का, हेही विचारा.

एक शेवटचं. २००४मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी सिगारेट ओढणारे, सोडलेले आणि कधीच न ओढलेले अशा लोकांच्या श्वासनलिकेतल्या पेशींची बटणं तपासली. धुराने बिघडलेली बरीचशी बटणं सिगारेट सोडल्यावर साधारण दोन वर्षांत पुन्हा जागेवर येतात. काही मात्र अनेक वर्षांनंतरही येत नाहीत.